उसनी भिंत

त्या वस्तीत घराला तीनच भिंती बांधायची रीत होती. चौथी शेजाऱ्याची. हसण्यासारखं काही नाही त्यात, विटा काय झाडाला लागतात? नवा माणूस आला की आधी शेजारच्या दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "भिंत देता का?" शेजारी हो म्हणाला की त्याच्या भिंतीवर आपलं छप्पर टेकवायचं, उरलेल्या तीन बाजू उभ्या करायच्या आणि संसार मांडायचा. विटा वाचायच्या, जागा वाचायची, आणि वर एक नातंही जुळायचं. भिंत देणाऱ्याकडे दुखणं आलं की घेणाऱ्याने उशाशी बसायचं, घेणाऱ्याच्या घरी लग्न निघालं की देणाऱ्याने पाहुणे झोपवून घ्यायचे. भांडणं व्हायची, अगदी एकमेकांचे पूर्वज निघायचे, पण भिंत परत मागायची सोय नव्हती. दिलेली लेक आणि दिलेली भिंत माघारी आणत नाहीत, असं म्हातारी माणसं म्हणायची.

ही रीत घालून दिली मिस्त्रीने. वस्तीत पहिलं घर त्याचं, चारही भिंती स्वतःच्या असलेलं एकमेव. पुढे निम्मी वस्ती त्याच्याच हातून उभी राहिली. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा साफ. "माझी भिंत पडली तर मला तिच्याखाली पुरा," असं तो सगळ्यांना सुनवायचा, आणि कुणाला पुरायची वेळ आली नव्हती. बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी, ती मात्र त्याने शिकवली. कशी शिकवली ते विचारू नका, पाठीची कमान झाली त्याच्या. मुलगी इमारतींचे आराखडे काढायला शिकली, एका संस्थेच्या मोठ्या कचेरीत बसायला लागली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "बाबा, संस्था आपल्या वस्तीत तंत्रज्ञान केंद्र बांधतेय. पोरापोरींसाठी. आराखडा माझ्याकडे दिलाय."

मिस्त्रीने तोंडातला घास कसाबसा गिळला.

"आणि बांधणार कोण?" त्याने विचारलं.

"तुम्ही. मी तसं सांगूनच आलेय."

त्या दिवसापासून मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाण्याच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे माणूस सापडेल तिथे तो केंद्राचं सांगत सुटायचा. लोक म्हणायचे, मिस्त्री, तुझ्या मुलीने केंद्र काढलंय की तू? तो म्हणायचा, मुलगी कुणी काढली मग?

मुलीची काम करायची तऱ्हा वेगळी होती. आधी कागदावर रेघ मारायची नाही. तिने वस्तीतली पोरंपोरी जमवली, पुठ्ठ्याच्या खोल्या कापून जमिनीवर पसरल्या आणि म्हणाली, लावा तुम्हीच. मग जो गोंधळ झाला तो काय विचारता. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरांना तळमजल्यावर भक्कम टेबलं हवी होती, कारण त्यांचं सगळं दुकान आजवर मांडीवरच होतं. संगणक वर हवेत यावर मात्र एकमत झालं, कारण नाला भरला की खालच्या घरात पाणी शिरतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मुलींनी सांगितलं, संडासाच्या दाराला आतून कडी पाहिजे. एवढं मोठं केंद्र होतंय आणि ह्यांना कडी सुचतेय म्हणून मिस्त्री हसला. मुलगी हसली नाही. तिने कागदावर सगळ्यात आधी ती कडी लिहून घेतली. शेवटी एक हडकुळी पोरगी म्हणाली, "मला एक अशी खोली पाहिजे, जिथं बसल्यावर मला कुणी हाक मारणार नाही." तीही खोली आराखड्यात आली, जिन्याखाली, एक माणूस आणि एक टेबल मावेल एवढी.

खिडक्या अशा ठेवल्या की उजेड येईल पण संगणकाच्या पडद्यावर ऊन पडणार नाही. आणि चहूबाजूंनी जागा मोकळी सोडली. परवानगीचा नियम तसाच होता: नवी इमारत कुणाच्या भिंतीला टेकता कामा नये. मुलीला तो नियम मनापासून पटला होता. वस्तीत एक तरी वास्तू स्वतःच्या पायावर उभी राहू दे, असं ती म्हणायची.

जागा मिळाली ती मिस्त्रीच्या बहिणीच्या, आक्काच्या, घराची आणि तिच्या पलीकडच्या दोन घरांची. आक्का केव्हाची मुलाकडे राहायला जायच्या गोष्टी करत होती, ती आनंदाने उठली. बाकीच्या दोघांना संस्थेने दुसरीकडे खोल्या दिल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. अडलं ते शिंप्यापाशी.

शिंपी आक्काच्या अलीकडे राहायचा. राहायचा काय, तिथेच त्याचं दुकान, तिथेच चूल, तिथेच झोप. बायको नाही, मूल नाही, एक मशीन आणि एक कापडं बेतायचं टेबल. मिस्त्रीचा तो जुना दोस्त, आणि त्याच्या खोलीची चौथी भिंत आक्काची होती. आक्काचं घर उतरवलं की ती भिंत उघडी पडणार. एका विटेचीसुद्धा नव्हती ती, अर्ध्या विटेची. पाया म्हणाल तर नावाला.

मुलगी शिंप्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली, हाताने भिंत चाचपली आणि म्हणाली, "काका, ही उतरवावी लागेल. इकडून तुम्हाला नवी बांधून देऊ, चांगल्या पायाची. तेवढे दिवस दुसरीकडे मशीन लावा."

"नवी कुठं बांधणार? माझ्या खोलीत?"

"थोडी आत येईल."

शिंप्याने टेबलाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "पोरी, हे थोडं म्हणजे माझं टेबल आहे. टेबल काढलं तर मी कापड काय हवेत बेतू? आणि दुसरीकडे बसलो तर गिऱ्हाईक बसल्या जागी दुसरा शिंपी धरेल. ह्या वयात मी नवं गिऱ्हाईक कुठून आणू?"

मुलगी त्याला समजावत राहिली. शिंप्याने फक्त मिस्त्रीकडे बघितलं. ते बघणं मिस्त्रीला झेपलं नाही. कारण ती भिंत मागायला शिंपी आक्काकडे गेला होता तेव्हा मध्यस्थ मिस्त्रीच होता. शब्द आक्काचा होता, पण आक्काच्या तोंडून तो काढला होता ह्याने.

संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला. "ती भिंत राहू दे."

"बाबा, आत्याचं छप्पर आणि आडवी भिंत होती म्हणून ती उभी होती. ती काढली की तिला धरणारं कोण?"

"मी बांधलीय ती."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून ती पडणार नाही." आणि मग जरा नरमून, "टेकू देऊ की. इकडून भक्कम टेकू लावतो. आपलं काम वर आलं की पुढचं पुढे बघू. बिचाऱ्याला आयुष्याच्या शेवटी उठवायचं का? शब्द दिलाय गं आपण."

मुलगी बराच वेळ ताटातलं चिवडत बसली. हिशेब तिच्या बाजूने होता आणि बाप समोर होता. कचेरीत ती साहेबाशी शब्दाला शब्द देऊन भांडायची, पण ह्या माणसाने आजवर तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. पण चर एकदम खणायचा नाही, तुकड्यातुकड्याने खणायचा. जेवढा खणला तेवढा त्याच दिवशी भरायचा. आणि टेकू काढायचे नाहीत. काहीही झालं तरी, बाबा."

"बरं बरं, मला शिकव आता," मिस्त्री म्हणाला. पण तो खूश होता. दुसऱ्या दिवशी त्याने शिंप्याला सांगितलं, आणि शिंप्याने त्या आनंदात मिस्त्रीच्या सदऱ्याला नवी कॉलर लावून दिली.

संस्थेच्या साहेबांना मात्र हे फारसं रुचलं नाही. त्यांनी मुलीला बजावलं, तुमच्या भरवशावर होऊ देतोय, रोज खणायच्या आधी स्वतः जाऊन टेकू बघायचे आणि मला कळवायचं, मगच कुदळ पडेल. मुलगी रोज बघायची. वाकून एकेका टेकूला हलवून पाहायची, आणि मगच फोन लावायची. मिस्त्री तिला चिडवायचा, "नाडी बघतेस का त्याची?"

काम पुढे सरकत होतं. पोरं येता जाता थांबायची, कुठे टेबल येणार, कुठे जिना येणार, खड्ड्यात बोट दाखवून भांडायची. ती हडकुळी पोरगी एकदा येऊन जिन्याखालच्या जागेत, नुसत्या मातीत, बसून गेली. मिस्त्रीने पाहिलं, पण हाक मारली नाही.

मग तो दिवस आला. शिंप्याच्या भिंतीच्या बाजूचा शेवटचा तुकडा खणायचा होता. मुलीला सकाळीच विजेच्या जोडणीसाठी वीज कंपनीच्या कचेरीत बोलावलं होतं. ती वेळ चुकली असती तर जोडणीची परवानगी पुन्हा लांबली असती, म्हणून ती थेट तिकडे गेली. इकडे मिस्त्रीने तिच्या फोनची वाट न बघता चर खणून घेतला, सळ्यांचा सांगाडा बांधून तयार होता, तो आता खाली उतरवायचा. आणि टेकूंचे पाय नेमके मधे. सांगाडा तिरका करून पाहिला, उभा करून पाहिला. आत जाईना. गडी घामाघूम झाले. मिस्त्रीने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काढा टेकू. सांगाडा बसला की लगेच लावू."

टेकू काढून बाजूला ठेवले तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मी आज येऊ शकले नाही. टेकू आहेत ना?"

मिस्त्रीने टेकूंकडे पाहिलं. समोरच तर होते, हाताच्या अंतरावर, जमिनीवर आडवे. आता लावणारच होता ना तो? लगेच. उगाच पोरीच्या जिवाला घोर कशाला?

"आहेत गं," तो म्हणाला.

"मग मी साहेबांना कळवते."

सांगाडा सरळ बसायला त्याला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. एका कोपऱ्यात सळई वाकली, ती सरळ करायची म्हणून गडी पुन्हा वर आले. मिस्त्री चराच्या तोंडाशी पाठमोरा उभा राहून ओरडत होता. भिंतीतून माती गळल्याचा आवाज आला तेव्हा तो वळला. भिंत पडताना त्याने आयुष्यात कधी पाहिली नव्हती. त्याला वाटलं होतं की ती इकडे, चरात येईल. ती आत गेली. आत मशीन चालू होतं, मग ते थांबलं.

विटा उपसणारा पहिला हात मिस्त्रीचा होता. पोरं धावली, बायका धावल्या, तोंडाने कुणी काही बोलत नव्हतं. शिंपी जिवंत निघाला. डोकं टेबलाच्या आडोशाला होतं म्हणून वाचलं. उजवा हात मशीनवर होता. तो इस्पितळात कापावा लागला.

मिस्त्री भेटायला गेला तेव्हा शिंपी जागा होता. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं मनगट छातीवर ठेवून पडला होता. शिंपीच म्हणाला, "तू का तोंड पाडून बसलास? भिंत मीच मागितली होती. तेव्हाही आणि आताही." आणि मग थोड्या वेळाने म्हणाला, "त्या मशीनचं बघ कुणाला तरी देऊन टाकायचं." एक शिवी घातली असती तर मिस्त्री घरी जाऊन जेवला तरी असता. तो बाहेर आला आणि इस्पितळाच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

काम थांबलं. संस्थेने चौकशी बसवली. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि आणखी दोघे, दुसऱ्या बाजूला मुलगी, आणि मागे भिंतीपाशी खुर्चीवर मिस्त्री, धुतलेला सदरा घालून. मुलीने त्याला येतानाच सांगितलं होतं, "तुम्ही काही बोलायचं नाही. मी बघते."

तिने जे सांगितलं ते ऐकून मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. ती म्हणाली, त्या दिवशी सकाळी टेकू मी स्वतः पाहिले होते. सळ्या उतरवायला ते थोडा वेळ काढावे लागणार होते, आणि काढा म्हणून मीच सांगितलं. तेवढा वेळ भिंत तग धरेल असा माझा अंदाज होता. अंदाज चुकला. मिस्त्रींनी फक्त माझं ऐकलं.

एकदाही तिचा आवाज हलला नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "अंदाज चुकतात. एका माणसाचा हात गेला, हे काही लहान नाही. पण तुम्ही जागेवर होता, पाहिलं होतं, ठरवलं होतं. ह्यापुढे एका अनुभवी माणसाच्या हाताखाली काम कराल. केंद्र तुमचंच राहील."

इथे मिस्त्री गप्प बसला असता तर? पण बाप आहे तो. पोटची पोर आपलं पाप डोक्यावर घेऊन उभी आहे हे त्याला कसं सोसवेल? आणि आयुष्यभर त्याने एकच गोष्ट मिरवली होती, की आपण खरं बोलतो. तो उठून उभा राहिला.

"खोटं बोलतेय ती, साहेब. तिचा काही दोष नाही. टेकू मी काढले. तिने काढू नका म्हणून बजावलं होतं. ती तर तिथे नव्हतीच."

"बाबा, बसा," मुलगी म्हणाली.

"नाही बसत. साहेब, तिचा फोन आला होता, टेकू आहेत ना म्हणून. मी आहेत म्हणालो. मी खोटं बोललो. जे काय करायचं ते मला करा."

तो थांबला. त्याला वाटलं, सुटली पोर. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं त्याला, अगदी क्षणभर.

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मुलीकडे पाहिलं. "म्हणजे त्या सकाळी तुम्ही आलाच नव्हता?"

मुलीने समोरचे कागद सरळ केले.

"तुम्ही मला फोनवर सांगितलंत, मी स्वतः बघून आले. मी ते ऐकून खणायला परवानगी दिली."

मुलगी टेबलाकडे बघत राहिली. मिस्त्री एकदा साहेबांकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याला हळूहळू उमगलं, आणि उमगलं तेव्हा तो मटकन खाली बसला.

"चूक मी पोटात घातली असती," साहेब म्हणाले. "न बघता बघितलं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी पोरांची इमारत कशी देऊ?" ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे बोलले. केंद्र पूर्ण होईल, पण दुसऱ्याच्या हातून. तिने उद्यापासून कचेरीत यायची गरज नाही. मिस्त्रीला त्यांनी काहीच सांगितलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरापर्यंत दोघं चालत आली. वाटेत केंद्राचा खड्डा लागला. संस्थेची माणसं आधीच येऊन गेली होती, चराला पत्र्याचं कुंपण पडलं होतं. दोन पोरं कुंपणाच्या फटीतून आत बघत होती. त्यांनी मुलीला विचारलं, "ताई, आमच्या खोल्या तशाच राहणार ना?" ती म्हणाली, "राहतील." मग ती पुढे निघाली.

मिस्त्री वाट बघत होता, ती कधी ओरडेल ह्याची. तिने घागर भरून ठेवली, भांडी घासली, दोघांची ताटं वाढली. तो दोनदा तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा म्हणाला, "मला वाटलं तू सुटशील."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही सुटाल."

"तू 'बघून आले' म्हणालीस त्यांना, ते मला ठाऊक नव्हतं गं."

"तुम्ही 'आहेत' म्हणालात ना. मग बघायचं काय राहिलं होतं?" त्यात टोमणा नव्हता. तिने ते साध्या आवाजात सांगितलं, रोजच्यासारखं, आणि मिस्त्रीला वाटलं की कुणीतरी आपल्याला थोबाडावं तरी.

दिवेलागण झाली तेव्हा ती म्हणाली, मला पडायचंय. तिची खाट लहानपणापासून भिंतीला लागून असायची. ती झोपताना भिंतीला पाठ लावायची, तशीच तिला झोप यायची. आज ती खाटेपाशी गेली, काही वेळ भिंतीकडे बघत उभी राहिली, आणि मग खाट धरून खोलीच्या मधे ओढू लागली. खाटेचे पाय जमिनीवर खरखरले.

मिस्त्री दारात बसला होता.

"ती पक्की आहे गं," तो म्हणाला. "चांगल्या पायाची आहे."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि खाट अजून थोडी ओढली.